ओझरकर काकूंचे आकडे

"'काऊ'," एस्तेरने कागदावरचा पुढचा शब्द वाचला. "ब्रिटिश. बाईला म्हणतात. शर्वरी, किती देतेस?"

"शून्य," मी म्हणाले. "गाय म्हटल्यावर कोण रागावणार? माझी आत्या सुनेचं कौतुक करायची तेव्हा हेच म्हणायची, आमची कल्पना म्हणजे अगदी गाय आहे हो."

"मीपण शून्यच. काकू, तुमचं?"

ओझरकर काकू चष्मा पुसत होत्या. तो डोळ्यांवर चढवून त्या म्हणाल्या, "चार लिहा."

"गाईला चार?"

"चार. पाच नको. पाचवाले वेगळे आहेत."

एस्तेर आणि मी एकमेकींकडे बघून हसलो. काकू हसल्या नाहीत, पण त्या तशाही कमीच हसायच्या. एस्तेरने माझं शून्य, स्वतःचं शून्य आणि काकूंचे चार असं तीन रकान्यांत लिहिलं आणि आम्ही पुढच्या शब्दाकडे वळलो.

हे नाशिकमधलं. दोन हजार सातचा नोव्हेंबर. गंगापूर रोडवर एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीची गप्पा मारायची वेबसाइट होती आणि तिच्यावरून घाणेरडी भाषा गाळायची होती. म्हणून बायकांना उद्देशून वापरले जाणारे बोलीतले इंग्लिश शब्द, सहाशेच्या वर, त्यांनी आमच्याकडे पाठवले होते. प्रत्येक शब्दापुढे दोन गोष्टी भरायच्या. तो इंग्लंडचा, अमेरिकेचा की दोन्हीकडचा, ते एक. आणि ऐकणाऱ्या बाईला तो किती लागतो, शून्य ते पाच, ते दुसरं. आकडा तीन बायकांनी द्यायचा अशी अट होती. मी इंग्लिश घेऊन एमए झालेली. एस्तेर साळवे शरणपूरची, कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली, तिखट जिभेची. तिसरी बाई मिळेना, म्हणून आमच्या पिंगळे सरांनी टायपिंगला असलेल्या ओझरकर काकूंना बसवलं. त्या मराठी घेऊन बीए, वय अठ्ठावन्न, यजमान जाऊन सहा वर्षं झालेली.

आणि त्या माझ्या होणाऱ्या सासूबाई होत्या. मला त्यांनीच निवडलं होतं. ऑफिसात आठ महिने माझ्याकडे पाहत होत्या आणि एके दिवशी डबा खाताना म्हणाल्या, "माझ्या निनादसाठी तुझा विचार करू का गं?" निनाद दोन वर्षं लीड्सला, तीन वर्षं न्यू जर्सीला राहून परत आलेला. अंबडला नोकरी, स्वतःची गाडी, आईला सोडून जायचं नाही म्हणून पुण्याची नोकरी नाकारलेला. मी सत्तावीस पूर्ण केलेली आणि तीन वर्षं पोहे करून कंटाळलेली. त्याला चारदा भेटले आणि मला तो आवडला, खोटं कशाला बोलू. हळू बोलायचा, वेटरला थँक्यू म्हणायचा, माझं बोलणं पूर्ण होऊ द्यायचा. बारा डिसेंबरला साखरपुडा ठरला. माझी आई तर हवेतच होती.

तर ते शब्द. पहिला गठ्ठा आम्ही पाठवला आणि दहा दिवसांनी तो लालेलाल होऊन परत आला. आम्ही सगळंच उलटं करून ठेवलं होतं. 'हेन' आणि 'डक' म्हणजे कोंबडी आणि बदक, त्याला मी आणि एस्तेरने तीन-तीन दिले होते. मला कोणी कोंबडी म्हटलं तर मी चप्पल काढीन, असं एस्तेरचं म्हणणं. तिकडून उत्तर आलं की इंग्लंड-स्कॉटलंडच्या काही भागांत भाजीवालासुद्धा गिऱ्हाइकाला लाडाने असं म्हणतो, शून्य करा. इंग्लंडात पोरीला 'बर्ड' म्हणतात, अमेरिकेत 'चिक', आम्ही नेमकं उलटं लिहिलं होतं. आणि जिथे खरोखर आग होती तिथे आम्ही शून्य, एक, शून्य असं देत गेलो होतो. खाली एक वाक्य होतं. तुमच्या दोन परीक्षकांना हे शब्द जाणवतच नाहीत असं दिसतं, तिसऱ्या परीक्षक मात्र उत्तम आहेत.

पिंगळे सर ते वाचून दाखवताना काकूंकडे बघतच राहिले. चाळीस शब्दांपैकी अडतीस काकूंचे बरोबर होते. देशसुद्धा.

"ओझरकर बाई, तुम्ही कुठे शिकलात हे?"

"निनाद तिकडे होता ना," काकू म्हणाल्या. "कानावर पडतं."

मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू. मी घरी जाऊन आईला सांगितलं की माझ्या सासूबाई माझ्यापेक्षा इंग्लिशमध्ये हुशार निघाल्या.

दुसऱ्या गठ्ठ्यासाठी सरांनी युक्ती काढली. इंग्लिश शिवी आपल्याला लागत नाही, कारण ती आपल्या भाषेतली नाही. म्हणून प्रत्येक शब्दासाठी त्याच वजनाचा मराठी शब्द शोधायचा, मोठ्याने म्हणायचा, मग आकडा द्यायचा. एवढं सांगेपर्यंत बिचाऱ्यांचे कान तापले होते. "मी खाली दवाखान्यात बसतो," ते म्हणाले, "झालं की हाक मारा." आणि दार ओढून गेले.

त्या शुक्रवारी आम्ही जे हसलो. मला एकही शब्द तोंडातून काढता येईना, अर्ध्यावर जीभ अडायची. एस्तेर मात्र धडाधड म्हणत सुटली. तिच्या वडिलांचं गॅरेज होतं, तिथे ऐकलेलं सगळं तिला पाठ होतं. काकू मराठी शब्द शोधायच्या फंदात पडल्याच नाहीत. शब्द वाचला की त्या सरळ आकडा सांगायच्या.

"'टार्ट'."

"ब्रिटिश. तीन. बाई जरा नटली, नवी साडी नेसली की म्हणतात."

"'ओल्ड बॅग'?"

"दोन्हीकडे. दोन. हा रागाचा नाही, कंटाळ्याचा आहे."

"'स्लॅग'."

"ब्रिटिश. पाच."

"काकू, मराठीत काय म्हणाल याला?"

"मराठीत नाही म्हणत," काकू म्हणाल्या. "मराठीत म्हटलं तर भिंतीपलीकडे ऐकू जातं."

मी हसले, मला ते विनोदी वाटलं. एस्तेरने पुढचा शब्द वाचला. "'स्कँक'."

"अमेरिकन. पाच. हा अलीकडचा. आधी स्लॅग असायचा."

एस्तेरचं पेन थांबलं. "आधी म्हणजे कधी, काकू?"

"न्यू जर्सीच्या आधी," काकूंनी सांगितलं. मग त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि पूर्ण पिऊन खाली ठेवला. "म्हणजे, निनाद सांगायचा ना. तिकडचे लोक कसे बोलतात ते."

त्यानंतर एस्तेर हसली नाही. पाच वाजता आम्ही दोघी जिना उतरत होतो, काकू वर पर्स आवरत होत्या. एस्तेरने माझा दंड धरला. "शर्वरी, असले शब्द कोणता मुलगा आईला सांगतो गं?"

"मोकळं वातावरण आहे त्यांच्यात."

"सांगतो की म्हणतो?"

"एस्तेर, तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही का?" मी म्हणाले. असं मी बोलले, आणि त्याची लाज मला आजही वाटते. ती स्कूटर काढून निघून गेली.

निनाद गाडी घेऊन आला होता. आम्ही तिघं पत्रिकेसाठी छापखान्यात जाणार होतो. काकू शेवटच्या पायरीवर आल्या तेव्हा त्याने पुढे होऊन त्यांना हात दिला. "सावकाश, आई. घाई नाहीये." खालच्या दवाखान्यातल्या नर्सबाई कौतुकाने बघत होत्या. मला त्याने पुढे बसवलं, काकू मागे बसल्या.

अशोक स्तंभाच्या अलीकडे त्याने विचारलं, "आई, नावांचा कागद घेतलास ना?"

मागे पर्स उघडल्याचा आवाज झाला. बराच वेळ काकू त्यात शोधत होत्या. "टेबलावरच राहिला वाटतं रे."

"यू स्टुपिड ओल्ड काऊ," निनाद म्हणाला.

तो ओरडला नाही. आवाज चढला नाही, चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही. 'असू दे गं' म्हणावं त्या सुरात म्हणाला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, मुलगा आईची समजूत काढतोय. माझ्या डोक्यात काय आलं असेल? चार. काकूंनी चार सांगितले होते आणि मी हसले होते.

"काय म्हणालास?" मी विचारलं.

"अगं, काही नाही. तिला इंग्लिश कळत नाही." त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला. "तुलाही सवय होईल. तिच्याशी असंच बोलावं लागतं, नाहीतर माणूस वेडा होईल." आणि मग आरशात बघत, त्याच गोड सुरात, त्याने अजून एक वाक्य टाकलं. त्यातला शब्द त्या दुपारी आमच्या कागदावर होता. त्यापुढे काकूंनी पाच लिहायला लावले होते.

"हो रे, चुकलं माझं," मागून काकू म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. त्या निनादकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. 'त्यांना सगळं कळतं' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, आणि त्यांना ते दिसलं. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. नको, सांगू नकोस.

"गाडी थांबव," मी म्हणाले. "मला मळमळतंय."

त्याने लगेच गाडी बाजूला घेतली. उतरून माझ्या बाजूचं दार उघडलं, डिकीतून पाण्याची बाटली आणली, झाकण काढून हातात दिली. "घरी सोडू का? डॉक्टरकडे जायचं का?" किती काळजीने विचारत होता. त्याची भीती वाटली मला, ती तेव्हा. रिक्षा केली आणि घरी आले.

आईला सांगितलं. ती शेवयांची खीर ढवळत होती, गॅस बंद करून खाली बसली.

"तुला म्हणाला तो असं?"

"नाही. त्याच्या आईला."

"तुला नाही ना?"

"आई, स्वतःच्या आईला म्हणाला."

"हो, ऐकलं मी," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी होतं आणि ते पाहून मला दुसरा धक्का बसला. "म्हातारी माणसं कधीकधी त्रास देतात गं. मुलगा बाहेरून दमून येतो. शब्दच ना? हात तर उगारला नाही? बायकोला कोणी असं बोलत नसतं, निदान सुरुवातीला."

निदान सुरुवातीला. माझी आई हे म्हणाली, माझ्या बऱ्यासाठी म्हणाली. बाबा कोपऱ्यात पेपर धरून बसले होते. पान उलटलं नव्हतं त्यांनी. थोड्या वेळाने उठले, फोनपाशी गेले आणि मला म्हणाले, "नंबर सांग. मी नाही म्हणून सांगतो." कारण काय द्यायचं ते त्यांनी विचारलं. पत्रिका जुळत नाही म्हणा, मी म्हणाले. खरं कारण सांगितलं असतं तर त्या घरात काकूंचं काय झालं असतं, एवढं तोवर मला कळलं होतं.

सोमवारी काकू ऑफिसला येतील असं वाटलं नव्हतं. त्या रोजच्या वेळेला आल्या. एस्तेरने त्यांना पाहिलं, मला पाहिलं, आणि डबा विसरला म्हणून अर्धा तास बाहेर निघून गेली. एस्तेर डबा कधी आणतच नव्हती.

मी त्यांच्यासमोर बसले. "काकू, कधीपासून?"

"हे गेल्यापासून. आधी फोनवर, तिकडून. आल्यावर समोर." त्या कीबोर्डवरची धूळ फडक्याने पुसत होत्या. "हळू बोलतो ना, आणि इंग्लिशमध्ये. शेजारच्या मोगरे वहिनी म्हणतात, तुमचा निनाद आईशीसुद्धा किती छान इंग्लिश बोलतो."

"आणि तुम्हाला कळत होतं?"

"कुठलं कळायला. आवाज ऐकू यायचा तसा मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायची. मराठीत. स्लॅग, बिंट, काय काय. मग इथली जाहिरात आली. सर म्हणाले, आमच्याकडे डिक्शनऱ्या खूप आहेत. म्हणून तर ही नोकरी धरली."

ही बाई वर्षभर आमच्या शेजारी बसून, आम्ही चहाला गेलो की कपाटातून एकेक जाड पुस्तक काढून, आपला मुलगा आपल्याला काय म्हणतो ते शोधत होती.

"कशाला शोधलंत, काकू?"

"आपल्याला काय म्हणतात ते माणसाला माहीत नको?"

"मग मला मागणी का घातलीत?" माझा आवाज चढला, आणि चढू दिला मी. "तुम्हाला सगळं माहीत होतं. आकड्यासकट माहीत होतं. मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. म्हणाल्या, "तू चांगली आहेस. घरात कोणी चांगलं हवं होतं." आणि मग, खालच्या आवाजात, "दोघी असतो तर निम्मं निम्मं झालं असतं गं."

आठ महिने त्या माझ्याकडे पाहत होत्या ते याच्यासाठी. माझ्या डब्यातली भाजी चाखून छान आहे म्हणाल्या होत्या, माझ्या हाताला कुठल्या बांगड्या शोभतील ते विचारलं होतं, आणि मनात हा हिशेब. मला संताप आला. आणि लगेच कळलं की त्यांच्यावर रागावायलाही मला जमत नाहीये.

"तुम्ही निघा तिथून," मी म्हणाले. "एस्तेरच्या घरी वरची खोली रिकामी आहे. मी बोलते तिच्याशी."

"माझं घर आहे ते. ह्यांनी बांधलेलं. मी का निघू?" त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. पडदा उजळला तसा त्यांचा चेहरा नेहमीच्या कामाचा झाला. दोन-तीन ओळी टाइप केल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुझ्या ओळखीत दुसरी कोणी आहे का गं? लग्नाची?"

मी ऐकलं ते खरं आहे का, हेच मला कळेना.

"फार शिकलेली नसली तरी चालेल," काकू म्हणाल्या. "खेड्यातली बघ. इंग्लिश न येणारी. तिला अर्थच कळणार नाही, म्हणजे लागायचंही नाही."

"काकू," मी म्हणाले, "तुम्हालाही कळत नव्हतं ना? सुरुवातीला. कॅलेंडरवर लिहायचात तेव्हा."

"नव्हतं कळत."

"तेव्हा लागत नव्हतं?"

त्यांची बोटं कीबोर्डवर थांबली. खाली दवाखान्यात कोणाचं तरी मूल इंजेक्शनला रडत होतं, ते गप्प झालं तरी काकू तशाच बसून होत्या.

"लागत होतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मान हलवली, आणि कोणाला तरी समजावावं तसं हळू म्हणाल्या, "नको मग. राहू दे. नको कोणी."